बाई दवाखान्यात पोचली, पुढे काय?

मी सिएरा लिओनला नर्स म्हणून काम करून आले हे आता गावात बहुतेकांना माहीत झालंय, तरी पहिला प्रश्न अजून तोच, "ता खंय इला गो?" तर हा पश्चिम आफ्रिकेतला देश, गिनी आणि लायबेरियाच्या मधे, अटलांटिक समुद्राच्या काठाला, लोकसंख्या ऐंशी लाखाच्या वर. विमानतळ लुंगीला आणि राजधानी फ्रीटाऊन खाडीच्या पलीकडे, म्हणून विमानातून उतरलात की आधी बोटीत बसायचं. मातीचा रंग आपल्या जांभ्याचा. पाऊस मे महिन्यात सुरू होतो तो ऑक्टोबर संपेपर्यंत, आणि कोसळतो पण आपल्यासारखाच. जेवायला भात, त्यावर कसाव्याच्या पाल्याची पाम तेलातली भाजी आणि त्यात धुरावर सुकवलेली मासळी. देवगडच्या मुलीला जेवणाची काही अडचण आली नाही एवढं सांगते आणि पुढे जाते, कारण मला लिहायचंय ते तिथल्या बाळंतपणांबद्दल, आणि हे लिहायचं खूप दिवस मनात होतं.

आधी आकडे, कारण आकडे न देता नुसतं "फार वाईट परिस्थिती" म्हटलं की कोणालाच काही कळत नाही. १९९१ ते २००२ तिथे गृहयुद्ध चाललं, दवाखाने उद्ध्वस्त झाले, डॉक्टर-नर्स देश सोडून गेले. २००० सालचा यूएनचा अंदाज असा की दर लाख बाळंतपणांमागे १६०० च्या वर बायका दगावत होत्या. २०१५ च्या यादीत सुद्धा जगात सगळ्यात वरचा नंबर त्यांचाच होता. २०२० सालासाठी तोच अंदाज ४४३ वर आलाय. वीस वर्षांत एवढं खाली आणणं ही साधी गोष्ट नाही आणि ते तिथल्याच लोकांनी केलंय, हे आधीच सांगून ठेवते कारण आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे लगेच "बिचारे" असा सूर लागतो आणि मला तो सहन होत नाही. तरी पण ४४३ म्हणजे किती, तर महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे.

मग हे खाली आलं कसं. २०१० च्या २७ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाय कोरोमा यांनी गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी सरकारी दवाखान्यातली फी माफ केली. त्याआधी ग्लोव्हजपासून सलाईनपर्यंत सगळं नातेवाईकांनी विकत आणायचं, आणि सिझर म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते विकायची वेळ. आपल्याकडे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून २०११ ला आला, म्हणजे या बाबतीत ते आपल्या एक वर्ष पुढेच होते. योजना सुरू व्हायच्या आधी तिथल्या नर्स-डॉक्टरांनी संप केला, की आता गर्दी वाढणार आणि आमचा पगार एवढासा, आम्ही करायचं कसं, तेव्हा सरकारने पगार वाढवले आणि पगारपत्रकात नुसती कागदावर असलेली नावं काढून टाकली. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कोणी सांगत नाही, सगळे "फुकट केलं आणि लोक आले" एवढंच सांगतात.

लोक आले हे खरंय. २००८ च्या देशभरच्या आरोग्य सर्व्हेत शंभरातल्या २५ बायका दवाखान्यात बाळंत होत होत्या, २०१३ ला ५४, २०१९ ला ८३. एवढी उडी मारलेले देश कमी असतील. आणि तरी २०१९ च्या त्याच सर्व्हेत माता मृत्यूचा आकडा ७१७ आला. (सर्व्हेची पद्धत वेगळी असते, ती मागच्या काही वर्षांचं मिळून सांगते, म्हणून यूएनच्या आकड्याशी जुळत नाही, पण कुठलाही धरा, फार आहे.) शंभरात ८३ जणी दवाखान्यात येतायत आणि तरी एवढ्या मरतायत, म्हणजे त्यातल्या कितीतरी जणी आमच्या दारात येऊन, आमच्या कॉटवर, आम्ही शेजारी उभ्या असताना मरतायत. मला जे सांगायचंय ते हेच आहे. बाईला दवाखान्यात आणणं हे अर्धं काम, आणि उरलेलं अर्धं जास्त कठीण आहे कारण ते मोजायला आणि फोटो काढायला सोपं नाही. इमारतीचं उद्घाटन होतं. फ्रीज चालू राहिला याचं उद्घाटन होत नाही.

एक रात्र सांगते. जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. लेबर रूममध्ये मी आणि तिथली मिडवाइफ, आम्ही दोघीच. बाहेर पाऊस, लाइट नाही, सोलरवरचा एक बल्ब चालू. बाई ओकाडावरून आली, ओकाडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, पुढे ड्रायव्हर, मधे ही कळा सोसत, मागे तिला धरून बसलेली बहीण, तिघंही चिखलाने माखलेले. चौथं बाळंतपण. मुलगी झाली, लगेच रडली, वार पडली, सगळं व्यवस्थित. खाली तिचाच लापा अंथरला होता, लापा म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील सुती कापड, गडद निळ्यावर पिवळी फुलं. गडद कापडात रक्त दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं. मिडवाइफ बाळ पुसत होती, मी पोट चाचपलं तर गर्भपिशवी मऊ, आवळतच नव्हती, आणि लापा बाजूला करायला उचलला तर तो भिजवून न पिळता ठेवलेल्या चादरीसारखा जड लागला. बाई बहिणीला सांगत होती की थंडी वाजतेय.

मसाज सुरू केला, मिडवाइफने पिशवी आवळायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, परत ऑक्सिटोसिन. पिशवी जराशी आवळायची आणि परत सैल. ऑक्सिटोसिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं आणि आमच्या औषधाच्या फ्रीजची बॅटरी गेलेली होती, कळवलेलं होतं, दुरुस्तीला माणूस "उद्या" येणार होता. म्हणजे बाटलीवर औषधाचं नाव बरोबर, तारीख बरोबर, आणि आत ताकद किती उरलीय देवाला माहीत. शेवटी मिझोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या जिभेखाली ठेवल्या, त्या पण पिशवी आवळायच्याच पण त्यांना फ्रीज लागत नाही, रक्त थांबवायच्या ट्रॅनेक्झामिक अॅसिडची एक कुपी कपाटात सापडली ती दिली, आणि पिशवी एकदाची दगडासारखी घट्ट झाली. मग रक्त. रक्तपेढीत तिच्या ग्रुपची बाटली नव्हती. तिथे बहुतेक ठिकाणी नातेवाईकाने रक्त दिलं तर रक्त मिळतं, म्हणून बहिणीचा नवरा शोधायला माणूस पाठवला, लॅबवाल्याला घरून उठवून आणला, त्याने तपासण्या केल्या, आणि रक्त चढायला लागलं तेव्हा उजाडलं होतं. बाई वाचली. तिसऱ्या दिवशी तीच बहीण तिला परत ओकाडावर बसवून घेऊन गेली, बाळ पाठीला बांधून.

पण हे वाचणं कशावर अवलंबून होतं बघा. एका कुपीवर. बहिणीचा नवरा घरी होता यावर. लॅबवाला जवळ राहत होता यावर.

त्यानंतर मी रक्त मोजायच्या ड्रेपबद्दल मिळेल ते वाचून काढलं. प्लॅस्टिकची शीट असते, बाईच्या खाली घालायची, पुढे निमुळती होत जाते आणि तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त त्यात जमतं, रेघेवर कळतं किती गेलं. ५०० मिलीच्या वर गेलं की पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव, अंदाजाचा प्रश्नच नाही. आपण सगळ्या नर्सेस अंदाज करतो आणि आपला अंदाज कायम कमीच निघतो, लापा असो नाहीतर आपल्याकडचं जुनं लुगडं असो. आणि मला सगळ्यात आनंद झाला तो हे कळल्यावर की असला एक ड्रेप बेळगावात तयार झालाय! आंबोलीचा घाट चढून गेलं की आलं ते बेळगाव. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये अभ्यास केला होता, १६२० बायका, बाळंतपण करणाऱ्या आपल्यासारख्या एएनएम (गावपातळीवरच्या नर्स), आणि औषध म्हणजे त्याच मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या. २००६ साली तो छापून आला. गोळी घेतलेल्यांमध्ये पीपीएच शंभरात १२ वरून ६.४ वर आलं. त्या अभ्यासात रक्त मोजायला हा ड्रेप वापरला होता. म्हणजे एएनएमच्या हातात साधी गोळी आणि साधं प्लॅस्टिक दिलं तर काय होतं हे आपल्या घाटापलीकडच्या बायकांनी जगाला दाखवून दिलं आणि आपल्याला इथे ते माहीत पण नाही.

पुढे २०२३ ला केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियाच्या ८० हॉस्पिटलांमध्ये दोन लाखाच्या वर बायकांवर मोठा अभ्यास झाला. तिथे ड्रेप वापरून रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि ओळखला की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक अॅसिड, सलाईन आणि आतून तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, आधी हे करून बघू मग ते करून बघू असं नाही. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने निम्म्या केसेस सुटत होत्या, ड्रेपने शंभरातल्या ९३ पकडल्या. आणि गंभीर रक्तस्राव, ऑपरेशनची वेळ किंवा मृत्यू हे सगळं धरून ६० टक्के कमी झालं. यातलं एकही औषध नवीन नाही. नवीन काय तर सगळं एका जागी, एका ट्रेमध्ये, हाताशी, आणि कोणाची परवानगी न मागता सुरू करायची मुभा. शेवटचं तर मी अधोरेखित करीन. ड्युटीवरची नर्स मोठ्या डॉक्टरांना फोन लावत बसते आणि फोन लागत नाही, हे आफ्रिकेत पण असतं आणि आपल्याकडे पण.

फ्रीजच्या प्रश्नावर पण उत्तर आहे. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन, त्याला फ्रीज लागत नाही, २०१८ ला दहा देशांतल्या जवळपास ३०,००० बायकांवरच्या अभ्यासात ते पीपीएच टाळायला ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. मी होते तिथे ते आलं नव्हतं.

आता माणसांबद्दल, कारण औषध आपणहून शिरेत जात नाही. ऐंशी लाखाच्या देशात स्त्रीरोगतज्ज्ञ अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते पण बहुतेक फ्रीटाऊनला. मग जिल्ह्यात सिझर कोण करतं? तर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. हे डॉक्टर नव्हेत. २०११ पासून कॅपाकेअर नावाची नॉर्वेची संस्था आणि तिथलं आरोग्य खातं मिळून त्यांना मासांगाच्या हॉस्पिटलमध्ये सर्जरी शिकवतं, दोन वर्षं शिकायचं आणि मग मोठ्या हॉस्पिटलमध्ये हाताखाली काम करायचं. सिझर, हर्निया, अपेंडिक्स. मोझांबिकमध्ये तर असं शिक्षण १९८४ पासून चालू आहे. इथे कोणाला सांगितलं की पहिली प्रतिक्रिया "म्हणजे डॉक्टर नसताना पोट कापतात?" अशी येते. हो, कापतात, आणि व्यवस्थित शिवतात, मी टेबलाच्या या बाजूला उभी राहून बघितलंय. ज्या रात्री बाळ आडवं आहे आणि सर्जन दोनशे किलोमीटरवर आहे त्या रात्री मला शिकवून तयार केलेला, रोज तेच काम करणारा माणूस हवाय, डिग्री नंतर बघू. आणि महत्त्वाचं म्हणजे हे लोक जिल्ह्यात राहतात, शहराकडे पळत नाहीत.

पण सगळ्यात खालच्या पायरीवर जी आहे तिचं काय. तिथल्या कित्येक दवाखान्यांत काम करणाऱ्या मुलींपैकी खूप जणी सरकारी पगारावरच नाहीत. ट्रेनिंग झालंय, युनिफॉर्म आहे, नाइट ड्युटी करतात, आणि कागदोपत्री "व्हॉलंटियर", आज ना उद्या पगारपत्रकात नाव येईल या आशेवर वर्षानुवर्षं. मग त्या खाणार काय? बाळंतिणीच्या नवऱ्याकडून थोडेसे पैसे, साबणाचे म्हणून, ग्लोव्हजचे म्हणून. आणि मग बाहेरून आलेले साहेब लोक अहवालात लिहितात की मोफत सेवेत भ्रष्टाचार आहे. अहो, तिला पगार द्या ना आधी! २०१० ला ही गोष्ट सरकारला कळली होती, म्हणून पगार वाढवले होते, मग ती मधेच कुठे विसरली गेली? बाईसाठी फुकट करायचं तर नर्ससाठी फुकट चालणार नाही, एवढं साधं गणित आहे हे आणि माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

आणि त्यात इबोलाची साथ. २०१४ च्या मे महिन्यात तिथे पहिली केस सापडली, २०१६ उजाडेपर्यंत चाललं, १४,००० च्या वर लोकांना झाला, जवळपास ४,००० गेले, त्यात दोनशेच्या वर आरोग्य कर्मचारी. केनेमाचे डॉक्टर शेख उमर खान, लोकांना उपचार देता देता जुलै २०१४ ला त्यातच गेले. आता बाळंतपण म्हणजे रक्त आणि पाणी, आणि इबोला पसरतो तो नेमका त्यातूनच. रक्तस्राव होणारी प्रत्येक गरोदर बाई संशयित. तिला हात लावायचा की नाही, हा प्रश्न माझ्याबरोबर काम केलेल्या मिडवाइफला रोज पडायचा, आणि ती लावत होती. तिच्या बॅचच्या मैत्रिणी गेल्या त्यात. लोकांनी पण दवाखान्याकडे पाठ फिरवली, तिथे गेलं की इबोला होतो म्हणून, आणि घरी बाळंत होताना गेलेल्या बायका कुठल्याच इबोलाच्या यादीत नाहीत. एवढं होऊन २०१९ पर्यंत परत ८३ टक्के बायका दवाखान्यात यायला लागल्या, म्हणजे त्या बायकांनी केवढा विश्वास टाकला बघा. म्हणून तर आत काही नसलं की जास्त वाईट वाटतं.

मधल्या काळात गावोगावच्या मुख्यांनी नियम केले की घरी बाळंतपण केलं तर सुईणीला दंड. मला हे पटलं नाही. दवाखान्यात गोळी, रक्त, माणूस तयार असेल तर बाई आपणहून येते. पावसात, अंधारात, होडीतून यायचं आणि आल्यावर कुलूप, तर दंड कोणाला लावायचा? काही ठिकाणी मात्र सुईणींनाच बाईबरोबर दवाखान्यात यायला सांगितलं, ती हात धरून बसते, भाषा तिची, ओळख तिची, आणि ते फार छान चालतं.

आता थोडं पोरींबद्दल, कारण ते न सांगता पुढे जाता येत नाही. २०१९ च्या सर्व्हेत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या २१ मुली एकतर आई झालेल्या किंवा गरोदर. इबोलानंतर २०१५ ला सरकारने गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी घातली होती. पाच वर्षं. पश्चिम आफ्रिकेच्या ईकोवास कोर्टाने डिसेंबर २०१९ ला त्याविरुद्ध निकाल दिला आणि मार्च २०२० ला बंदी उठली. माझ्या वॉर्डात आलेल्या एकीची शाळा त्या बंदीत सुटलेली, परत गेलीच नाही ती, आणि हे तिचं तिसरं मूल. दंडात बसवायचं गर्भनिरोधक इम्प्लांट असतं ना, त्याला तिथे सगळ्या "कॅप्टन बँड" म्हणतात, फुटबॉलच्या कॅप्टनच्या दंडावर पट्टी असते तशी, आणि मुली एकमेकींना बाही वर करून दाखवतात. ज्या दवाखान्यात ते मिळतं तिथे शनिवारी रांग लागते. पण लग्न झालेल्या बायकांमध्ये सुद्धा गर्भनिरोधक वापरणाऱ्या पाचातली एकच. आणि गर्भपाताचा कायदा मी होते तेव्हा १८६१ चा इंग्रजांचा चालू होता, २०१५ ला संसदेने नवा पास केला त्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली नाही. आपल्याकडे १९७१ लाच कायदा झाला त्याची किंमत मला तिथे कळली, चोरून काहीतरी करून ताप चढलेल्या, वास येणाऱ्या अवस्थेत आलेल्या मुली बघून कळली. २०२४ च्या जुलैत बालविवाहाविरुद्ध कायदा झाला हे मात्र चांगलं झालं. सुंता, म्हणजे बोंडो नावाच्या बायकांच्या मंडळात मुलींना कापतात ते, त्याबद्दल कायद्यात काही नाही. १५ ते ४९ मधल्या शंभरातल्या ८३ बायका त्यातून गेलेल्या आहेत आणि त्याचे व्रण बाळंतपणात फाटताना आम्ही टाके घातलेत. यावर बाहेरून गेलेल्या माझ्यासारखीने भाषण देऊन काही होत नाही, तिथल्याच काही बायका न कापता तो सोहळा करायला लागल्यात, ती वाट बरोबर आहे.

हे सगळं इथे बसून लिहिताना माझ्या डोळ्यासमोर आमच्याच घरातली गोष्ट येते. माझ्या आजीची धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली. खाडीच्या पलीकडे वाडी, सुईण हुशार होती पण वार अडकली, होडीत घालून आणायला निघाले तर ओहोटी, होडी चिखलात बसली. भरतीची वाट बघत सगळे बसून राहिले. "रगत जाऊन जाऊन गेली," एवढंच आजी सांगायची आणि पुढे बोलायची नाही. सिएरा लिओनच्या बोंथे जिल्ह्यात, शेर्ब्रो बेटाच्या बाजूला, आजही तेच, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून बाई निघते. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तिथे देशभर सरकारी अँब्युलन्स सेवा सुरू झालीय, खूप फरक पडलाय, पण अँब्युलन्स पाण्यावरून चालत नाही.

आपल्याकडे पूल झाले, १०८ आली, आशा ताई आल्या, महाराष्ट्राचा आकडा २००४-०६ ला १३० होता तो ३३ वर आला. कोणी वरून येऊन दान केलं म्हणून नव्हे, पोस्टी भरल्या, गाड्या आल्या, रक्तपेढ्या झाल्या म्हणून. आणि तरी आजही सिंधुदुर्गात केस बिघडली की "बांबोळीला न्या", म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेजात, आणि राजापूर-लांज्याकडून कोल्हापूर, घाट चढून. भूलतज्ज्ञ नाही, गायनॅकची पोस्ट रिकामी, हे आपण इतकं ऐकलंय की ऐकू येईनासं झालंय. म्हणून मी म्हणते की हा विषय लांबच्या देशाचा नाही. कॉट आहे पण कॉटशेजारी कोण आहे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, फक्त तिथे त्याचं उत्तर चुकलं तर मरणाऱ्यांची संख्या जास्त आहे.

आणि आता नवीन संकट. २०२५ च्या जानेवारीपासून अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, जुलैत ती मदत देणारी त्यांची सरकारी संस्था यूएसएड बंदच झाली. सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं, त्यातली बरीचशी आफ्रिकेच्या बायकांसाठी घेतलेली, बेल्जियमच्या गोदामात पडून राहिली आणि ती जाळून टाकायची भाषा झाली. हे वाचलं तेव्हा मला त्या बाही वर करून दाखवणाऱ्या मुलींचे चेहरे दिसले आणि मी खरंच रडले. दुसऱ्याच्या मदतीवर किती दिवस चालणार, हे तिथले लोक मला तेव्हाच बोलायचे, पण एका सकाळी नळ बंद करणं ही पण काही पद्धत नाही, पाच वर्षांची मुदत देऊन, तिथल्या सरकारला खरेदी हातात घ्यायला वेळ देऊन करता आलं असतं.

परवा आशांच्या मीटिंगमध्ये हे सगळं बोलले तर एकीने विचारलं, "मगे आमी तकडे काय धाडूक व्हया?" जुने कपडे नकोत, हे पहिलं सांगितलं. मग मी तिथल्या मिडवाइफला मेसेज करून विचारलं की तुला आत्ता नेमकं काय पाहिजे. तिने ड्रेप मागितले आणि बीपीच्या मशीनचे कफ मागितले, मोठ्या साइझचे. लाल-पिवळा-हिरवा दिवा लागणारं एक बीपीचं मशीन आहे, गरोदर बायकांसाठीच बनवलेलं, ज्याची ट्रायल फ्रीटाऊनला झाली आणि आपल्या शेजारी गोकाकला पण झाली, ते तिच्याकडे आहे, मशीन चालतंय पण कफ फाटलाय, आणि बीपी कळलं नाही तर फिट येईपर्यंत कोणाला पत्ताच लागत नाही. मॅगसल्फ, म्हणजे फिटवरचं औषध, कपाटात पडून राहतं आणि बाई जाते. हे पाठवून देशाचा प्रश्न सुटणार नाही, एका वॉर्डचं काही महिने भागेल, हे मला माहितीये आणि तिलाही. कफ आणि ड्रेप दोन्ही मी बेळगावातून मागवलेत. कुरियरचा खर्च मालापेक्षा जास्त सांगतायत. देवगड-मालवणचे, रत्नागिरीचे इतके मुलगे मर्चंट नेव्हीत आहेत, कोणाची बोट फ्रीटाऊनला, क्वीन एलिझाबेथ धक्क्याला लागणार असेल तर मला कमेंटमध्ये कळवा, छोटासाच बॉक्स आहे, वजन पाच किलोच्या आत, तिथे बंदरावर येऊन घेऊन जाणारं माणूस तयार आहे.